जुन्या कन्सोलांची वाटणी

गेल्या महिन्यात माझा बारा वर्षांचा भाचा चार दिवस राहायला आला होता. कपाटाच्या वरच्या कप्प्यात एकावर एक रचलेली खोकी पाहून त्याने विचारले, "मामा, ह्यातलं काय काय चालतं?" प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता आले नाही. माझ्याकडे व्हिडिओ गेम खेळायचे आठ कन्सोल आहेत आणि कोणता कोणत्या वर्षी घरात आला हे मला तोंडपाठ आहे. मात्र त्यांतला कोणता शेवटचा कधी सुरू केला होता, हे काही केल्या आठवेना. इतकी वर्षे मी हा संग्रह जपतो आहे अशीच माझी समजूत होती. त्या प्रश्नानंतर मात्र यांतले काय ठेवायचे आणि काय देऊन टाकायचे, हा कित्येक दिवस पुढे ढकललेला निर्णय घेणे भाग पडले.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी सगळी खोकी खाली उतरवली. सुपर निन्टेन्डो, निन्टेन्डो ६४, पहिला प्लेस्टेशन, ड्रीमकास्ट, प्लेस्टेशन २, पहिला एक्सबॉक्स, वी आणि हातात धरून खेळायचा थ्रीडीएस, असा तो सारा ऐवज होता. त्याखेरीज तारांचा एक मोठा गुंता, जवळजवळ एकसारखे दिसणारे पाच काळे अडॅप्टर आणि एक बिनतारी कंट्रोलर निघाला, ज्याच्या सेलच्या कप्प्याचे झाकण जाम बसले होते. बोथट सुरीने ते हळूहळू उचकटले, तेव्हा आत पांढऱ्या खरबरीत पुटाखाली दोन सेल रुतून बसलेले दिसले. स्प्रिंगा हिरव्या पडल्या होत्या आणि त्यांतली एक तर चिमटा लावताच मोडून हातात आली. ते सेल मीच आत विसरलो होतो. अल्कलाइन सेल नुसता पडून राहिला, तरी त्याच्या आत वायू साठत जातो, दाब वाढतो आणि अखेर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण बाहेर झिरपते; हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग झाला की हे पांढरे पूट धरते. कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवून मी अर्धा तास ते पुसत बसलो. कप्पा स्वच्छ झाला, पण मोडलेली स्प्रिंग काही पुन्हा जोडली जाणार नव्हती.

भाचा शेजारी बसून हे सगळे पाहत होता आणि मला मनापासून वाईट वाटत होते. कपाटाचे दार लावले की वस्तू आहे तशी राहते, ही माझी समजूत मुळातच चुकीची होती. बंद खोक्यातही सेल गळतात, लिथियमच्या बॅटऱ्या फुगतात, लेझर सरकतो त्या दांडीवरचे वंगण घट्ट होते आणि दमट हवेत डिस्कवर बुरशी चढते. म्हणून मी त्या रात्री प्रत्येक खोक्यापाशी स्वतःला दोनच प्रश्न विचारायचे ठरवले: हे यंत्र आज चालते का, आणि येत्या वर्षभरात ते कोण चालवणार आहे? माझी आठवण, मूळ किंमत, पुढेमागे येऊ शकणारा भाव, हे सगळे त्यानंतर. भाव वाढेल म्हणून चालू वस्तू दहा वर्षे न चालवता ठेवणे मला पटत नाही. तेवढ्या काळात ती वस्तू चालण्याजोगी राहील याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

सुरुवात सुपर निन्टेन्डोपासून केली, कारण तो सर्वांत जुना. त्याचा वरचा भाग पिवळा पडला होता, तर खालचा अजून करडा होता. एबीएस प्लॅस्टिक सहजी पेटू नये म्हणून त्यात ब्रोमिनयुक्त रसायने मिसळत असत आणि ऊन व हवा यांच्यामुळे प्लॅस्टिकवर असा पिवळेपणा येतो. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून तो घालवणारे पुष्कळ आहेत. मी त्या वाटेला गेलो नाही. रंग नेहमी एकसारखा उतरतो असे नाही, काही काळाने पिवळेपणा परत येतो, आणि यंत्राच्या चालण्याशी त्याचा काही संबंधही नाही.

खरी काळजी कार्ट्रिजची, म्हणजे खेळ साठवलेल्या आणि यंत्राच्या खाचेत बसवायच्या डब्यांची होती. त्या काळच्या बऱ्याच कार्ट्रिजमध्ये खेळाची प्रगती एका छोट्या स्मृतिचिपमध्ये साठवली जात असे, आणि वीज तुटली की सगळे विसरणारी ही चिप नाण्याएवढ्या लिथियम सेलवर जागी ठेवलेली असे. १९८७ साली अमेरिकेत आलेल्या 'द लीजंड ऑफ झेल्डा'च्या सोनेरी कार्ट्रिजपासून घरगुती कन्सोलांवर ही सोय रुळली. सगळ्याच कार्ट्रिजांत तो सेल असतो असे नाही: निन्टेन्डो ६४ वरच्या 'सुपर मारिओ ६४' मध्ये सेव्ह, म्हणजे साठवलेली प्रगती, विजेशिवाय टिकते, तर त्याच यंत्रावरच्या १९९८ च्या 'ऑकारिना ऑफ टाइम' मध्ये सेल आहे. असा सेल वीसपंचवीस वर्षे साथ देऊ शकतो, पण तो संपणार हे निश्चित. शिवाय सेल बदलताना चिपला दुसरीकडून वीज मिळाली नाही, तर आतली सेव्ह त्याच क्षणी पुसली जाते. ज्यांच्याकडे अजून जिवंत सेव्ह असतील, त्यांनी कार्ट्रिज वाचणारे उपकरण वापरून त्या आधी संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि मगच सोल्डरिंगची बंदूक हाती धरावी, असे मी कळकळीने सांगेन.

माझ्या सात कार्ट्रिजांपैकी चारांमधल्या सेव्ह शाबूत होत्या. एकात तीनही जागा रिकाम्या निघाल्या. ते कार्ट्रिज मी आणि दादाने मिळून एका उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळले होते; पहिली जागा त्याची, दुसरी माझी, आणि तिसरी कोणीही घ्यायची नाही असा आमचा करार होता. तिन्ही ठिकाणी एकसारखी रिकामी चौकट पाहून मी बराच वेळ पडद्यासमोर नुसता बसून राहिलो.

त्यावरून एक गोष्ट लक्षात आली, जी या विषयावर बोलताना सहसा कोणी काढत नाही. सुपर निन्टेन्डो माझा एकट्याचा नव्हताच. तो दोघांनी पैसे साठवून घेतला होता. मी घरात शेवटपर्यंत राहिलो म्हणून तो माझ्याकडे आला, एवढेच. तेव्हा तो ठेवायचा की द्यायचा हे मी परस्पर ठरवणे योग्य नव्हते. मी दादाला फोन केला. मला वाटले होते, तो म्हणेल देऊन टाक. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "तू ठेव, पण चालू ठेव. तुला जमणार नसेल तर मला पाठव, मी ठेवीन चालू." घरातल्या जुन्या वस्तू वाटायला काढण्यापूर्वी, त्या वस्तूंवर लहानपणी आणखी कोणाचा हात होता हे आठवून एकेक फोन जरूर करावा. सुपर निन्टेन्डो माझ्याकडेच राहिला. रिकाम्या कार्ट्रिजात नवा सेल बसवला आहे, आणि पहिली जागा दादासाठी मोकळी ठेवली आहे.

एक्सबॉक्सचे काम तातडीचे होते. २००१ साली आलेल्या या पहिल्या पिढीच्या यंत्रात वीज नसतानाही घड्याळ थोडा वेळ चालू राहावे म्हणून वीज साठवणारा एक छोटा भाग, कपॅसिटर, बसवलेला असतो. १.६ ही शेवटची आवृत्ती सोडली, तर बाकीच्यांत तो कालांतराने गळतो आणि त्याचा द्राव बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेषा खात जातो. त्या आवृत्त्यांत तो काढून टाकला तरी यंत्र नीट चालते. फक्त वीज तुटली की वेळ पुन्हा लावावी लागते. बुडाखालच्या रबरी पायांच्या आणि लेबलांच्या आड दडलेले सहा टॉर्क्स स्क्रू काढून मी आत पाहिले. कपॅसिटर अजून कोरडा होता, तो काढला, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला आणि यंत्र पुन्हा बंद केले. त्यावरचे माझे आवडते खेळ मी पुढे दुसऱ्या यंत्रांवर पुन्हा घेतले होते, त्यामुळे एक्सबॉक्स देण्याच्या बाजूला गेला. दुरुस्त करून देणे आणि नुसते देणे यांत फार फरक आहे. कपॅसिटरची गोष्ट माहीत नसलेल्या माणसाच्या हाती मी तो तसाच ठेवला असता, तर दोन वर्षांनी त्याच्याकडे एक मेलेले खोके उरले असते.

आता प्लेस्टेशन २ बद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझा निर्णय त्याच्यापाशी पक्का झाला. दुर्मीळपणाचा मुद्दा इथे लागूच नाही; हा कन्सोल जगात १५ कोटींहून अधिक विकला गेला आहे. बटण दाबल्यावर आधी तारीख आणि वेळ विचारणारा पडदा आला, म्हणजे घड्याळाचा आतला सेल संपला होता. ते भरून यंत्र पुन्हा सुरू केले. काळोखात धुक्यासारखा निळसर प्रकाश पसरला आणि खालून अर्धपारदर्शक चौकोनी खांब वर आलेले दिसले, काही उंच, काही बुटके. भाच्याने विचारले, "हे खांब कसले?" बऱ्याच जणांना हे ठाऊक नसते: ते खांब म्हणजे नुसती सजावट नाही. कोणते खेळ खेळले याची नोंद मेमरी कार्डावरच्या एका फाइलमध्ये होत जाते, प्रत्येक खेळाचा एक खांब उभा राहतो आणि तो खेळ जितक्या वेळा सुरू केला, तितका त्याचा खांब उंच होतो. कार्ड काढून ठेवले तर तिथे नुसता मोकळा काळोख दिसतो. माझ्या कॉलेजच्या वर्षांतल्या किती संध्याकाळी कोणत्या खेळात गेल्या, हे त्या आठ मेगाबाइटच्या कार्डाने खांबांच्या रूपात माझ्यासमोर उभे केले होते. मी भाच्याला सर्वांत उंच खांब दाखवला आणि तो कोणत्या खेळाचा असावा ते सांगितले, पण सांगताना माझा आवाज जड झाला होता.

मला जे टिकवायचे आहे ते त्या कार्डावर आहे. एवढे कळल्यावर बाकीचे सोपे झाले. प्लेस्टेशन २ पहिल्या प्लेस्टेशनच्या बहुतेक सगळ्या डिस्क चालवतो, आणि पहिल्या प्लेस्टेशनची मेमरी कार्डेही त्याच्याच खाचेत बसतात. दोघांचे काम एक यंत्र करत असेल, तर दुसरे केवळ भावनेपोटी अडवून ठेवण्याला अर्थ नव्हता. माझ्या पहिल्या प्लेस्टेशनचा लेझर थकला होता, इतका की डिस्क वाचण्यासाठी यंत्र उलटे ठेवावे लागे. त्या काळी अनेक घरांत हाच उपाय चालत असे. हीच जोडगोळी इतरत्रही आहे: वीच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये त्याच्या आधीच्या गेमक्यूब या कन्सोलच्या डिस्क चालतात आणि वरच्या झाकणाखाली गेमक्यूबच्या कंट्रोलरच्या खाचाही असतात. काय द्यायचे हे ठरवताना आधी अशा जोड्या शोधाव्यात.

पहिल्या प्लेस्टेशनबरोबर लाइटगन, म्हणजे पडद्यावर नेम धरायची खेळातली बंदूकही गेली, आणि तिच्यामुळे माझी एक जुनी चूक मला नव्याने टोचली. लाइटगनला जुना काचेच्या नळीचा टीव्ही लागतो. त्या टीव्हीवर चित्र एका किरणाने ओळीमागून ओळ रंगवले जाते, आणि तो किरण बंदुकीच्या नेमापाशी केव्हा पोचला यावरून नेम कुठे आहे ते ठरते. आजच्या सपाट पडद्यावर हे घडत नाही, त्यामुळे बंदूक आंधळी होते. शिवाय जुन्या कन्सोलांचा २४० ओळींचा संकेत कित्येक नव्या टीव्हींना नीट ओळखताच येत नाही आणि चित्र पुसट, दातेरी दिसते. मी माझा जुना टीव्ही काही वर्षांपूर्वी जड आहे म्हणून देऊन टाकला, आणि कन्सोल मात्र जागच्या जागी ठेवले. आज उलट्या क्रमाने विचार केला असता, तर टीव्ही ठेवून दोन कन्सोल दिले असते. ज्यांच्याकडे तसा चालू टीव्ही अजून आहे, त्यांनी त्याला संग्रहाचाच भाग समजावे.

संग्रहालयाला द्यावे का, असेही मनात आले. २०२३ साली व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. हा आकडा वाचल्यावर हातातले प्रत्येक कार्ट्रिज मोलाचे वाटू लागते. पण खेळ टिकणे आणि माझे हे विशिष्ट यंत्र टिकणे यांत फरक आहे. रॉचेस्टरचे द स्ट्राँग किंवा शेफील्डचे नॅशनल व्हिडिओगेम म्युझियम यांसारख्या संस्थांना कोट्यवधींनी विकल्या गेलेल्या यंत्राची आणखी एक वापरलेली प्रत मिळाल्याने फारसे काही साधणार नाही. राल्फ बेअर यांनी टीव्हीवर खेळ खेळण्यासाठी घडवलेली 'ब्राउन बॉक्स' स्मिथसोनियनमध्ये आहे, कारण तिच्यासारखी दुसरी नाही. माझ्याकडे संग्रहालयाला विचारून पाहावे असे फार तर ड्रीमकास्टबरोबर आलेले छापील कागद होते: माहितीपत्रके, जोडपत्रे, स्पर्धेचा न भरलेला अर्ज. यंत्रे राहतात आणि असे कागद रद्दीत जातात, म्हणून ते कोणी टाकू नयेत.

थ्रीडीएस आणि वी यांचा हिशेब वेगळा पडला. वीच्या इंटरनेटवरच्या दुकानातली खरेदी ३० जानेवारी २०१९ रोजी बंद झाली, थ्रीडीएसचे दुकान २७ मार्च २०२३ रोजी. मी त्या दुकानांतून घेतलेले खेळ त्या-त्या यंत्रातच आहेत. वी कोणाला दिला, तर ते खेळ माझ्या हातून जातील. डिस्कवर आणि कार्ट्रिजवर असलेला खेळ हाताबरोबर देता येतो, उतरवून घेतलेला देता येत नाही, हे मला खरेदीच्या वेळी जाणवले नव्हते. म्हणून ही दोन्ही यंत्रे ठेवली. थ्रीडीएसची बॅटरी पूर्ण उतरलेली होती. आता ती निम्म्याच्या आसपास भरून ठेवतो आणि दर तीन महिन्यांनी पाहायचे म्हणून दिनदर्शिकेत खूण केली आहे.

देण्याचे काम मला वाटले त्याहून जास्त वेळ घेणारे निघाले. पाच अडॅप्टरांपैकी कोणता कोणाचा, हे ठरवण्यातच एक सकाळ गेली. ही बाब क्षुल्लक नाही: काही अडॅप्टर एकदिश (डीसी) वीज देतात तर काही प्रत्यावर्ती (एसी), काहींचा मधला खांब ऋण तर काहींचा धन, आणि पिन बसली म्हणजे अडॅप्टर तोच असे अजिबात नसते. अमेरिकेतल्या जुन्या निन्टेन्डो कन्सोलचा प्रत्यावर्ती अडॅप्टर त्याच्याच जपानी भावंडाला, म्हणजे फॅमिकॉमला लावला, तर फॅमिकॉम जळू शकतो. आता प्रत्येक अडॅप्टरवर कन्सोलचे नाव लिहिलेली चिठ्ठी आहे. एक्सबॉक्सच्या हार्ड डिस्कवरच्या सेव्ह पुसल्या, आणि प्रत्येक खोक्यात एक कागद ठेवला: काय चालते, काय चालत नाही, मी काय दुरुस्त केले, शेवटचे केव्हा सुरू केले. घेणाऱ्याला खरी स्थिती कळायलाच हवी.

एक्सबॉक्स आणि पहिला प्लेस्टेशन लाइटगनसह एका जुन्या मित्राकडे गेले. तो यंत्रे उघडून दुरुस्त करतो, त्याच्याकडे नळीचा टीव्ही अजून चालू आहे आणि रविवारी त्याच्या घरी मुले जमतात. आधी मी रुग्णालयातल्या मुलांसाठी देण्याचा विचार केला होता. चौकशी केल्यावर कळले की तिथे पुसून निर्जंतुक करता येतील अशी, शक्यतो नवीन यंत्रे हवी असतात, आणि ते रास्तच आहे. नको असलेले ओझे दानाच्या नावाखाली दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये. मोडका कंट्रोलर, तुटक्या तारा आणि गळके सेल ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर दिले. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे. माझी एक पिशवी त्यात नगण्य असली, तरी ती घरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकण्याला माझे मन तयार झाले नाही.

ड्रीमकास्टचे अजून ठरलेले नाही. तो चालतो. २००१ साली त्याचे उत्पादन थांबले तेव्हा मला झालेले दुःख आजही आठवते, आणि गेल्या आठवड्यात मी त्यावर दोन तास खेळलो. त्याला एक वर्ष दिले आहे. निन्टेन्डो ६४ दादाकडे गेला, कारण फोन ठेवता ठेवता त्यानेच हळूच विचारले होते.

प्लेस्टेशन २ आता कपाटात नाही. टीव्हीखालच्या फळीवर आहे, घड्याळात नवा सेल आहे आणि कार्ड खाचेतच असते. कार्डावरच्या ज्या सेव्ह उतरवता येत होत्या, त्यांची नक्कल दुसऱ्या कार्डावर करून ठेवली आहे. भाचा जायच्या आदल्या रात्री त्याने माझ्या डिस्कांच्या पेटीतून मी कधीच न खेळलेला एक खेळ काढला आणि झोपेपर्यंत खेळत बसला. सकाळी त्याची बॅग भरून झाली होती, तरी त्याने यंत्र एकदा सुरू करायला सांगितले. उंच खांबांच्या कडेला, जेमतेम बोटभर उंचीचा, एक नवा खांब उभा होता.